जुन्या सफरचंदबागा आणि मागे पडलेला खुंट

इंग्लंडमध्ये जुन्या वळणाची सफरचंदबाग पुन्हा उभी करू पाहणारे लोक रोपवाटिकेत जातात ते वाणाचे नाव घेऊन. कुणाला ब्लेनहाइम ऑरेंज हवे असते, कुणाला ॲशमीड्स कर्नल. वाण बहुधा मिळतो. मिळायला अवघड असतो तो वृक्ष: साधारण 6 फुटांपर्यंत फांदी नसलेले सरळ खोड, त्यावर प्रशस्त घेर आणि खाली चरणाऱ्या मेंढ्या. या उंचीच्या झाडाला तिकडे 'स्टँडर्ड' म्हणतात. ते दुर्मीळ का झाले, हे समजायचे तर वाणापेक्षा खुंटाकडे, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर वाणाचे कलम बांधतात त्याकडे, पाहावे लागते.

हापूसची कोय लावून हापूसच येईल याची खात्री नसते, तसेच सफरचंदाच्या बीचे असते. म्हणून तिथेही शतकानुशतके कलमेच बांधली गेली. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा फळबागायतदार रिचर्ड हॅरिस याने 1533 साली केंटमधील टेनम येथे राजासाठी बाग उभारली, तीही फ्रान्सहून आणलेल्या कलमांवर. खुंट मात्र बहुतेक ठिकाणी बियांपासूनच वाढवत. सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, गाळून उरलेल्या चोथ्यातल्या बिया पेरायच्या, जोमदार रोपे निवडायची आणि त्यांवर हवा तो वाण चढवायचा. अशी झाडे सावकाश फळाला येत, पण आयुष्य दांडगे. 10 मीटर अंतरावर लावली तर हेक्टरी जेमतेम 100 झाडे बसतात. मधली जमीन वाया जात नसे, कारण तिथे गवत होते आणि गवतावर जनावरे. खोड उंच ठेवण्यामागचे कारण हेच: मेंढी-गायीचे तोंड फांदीपर्यंत पोचू नये.

बुटक्या खुंटांची माहिती युरोपात फार जुनी होती. 'पॅरेडाइज' आणि 'दूसँ' या नावांनी ते विकले जात; पण एकाच नावाखाली भलतेच खुंट मिसळलेले असायचे. 1913 साली केंटमध्येच ईस्ट मॉलिंग येथे फळसंशोधन केंद्र सुरू झाले. तिथे रोनाल्ड हॅटन यांनी हा सगळा गोंधळ निस्तरला, खुंट वेगळे केले आणि त्यांना क्रमांक दिले. त्यांतला नववा, म्हणजे एम 9, आज जगभरच्या व्यापारी बागांत दिसतो. त्यावरचे झाड दोन-तीन वर्षांत फळ देते, जमिनीवरून तोडणी होते आणि हेक्टरी हजारोंनी झाडे बसतात. मुळे मात्र कमजोर, त्यामुळे जन्मभर आधार लागतो.

हॅटन यांच्या कामाला दोष देणे मला मान्य नाही. खुंटावर भरवसा ठेवता येऊ लागला तो त्यांच्यामुळेच, आणि उंच झाडासाठी आज ज्याची शिफारस होते तो जोमदार एम 25 सुद्धा ईस्ट मॉलिंगचाच. लोकरी मावा ही कीड मुळांवर बसू नये म्हणून नॉर्दर्न स्पाय या वाणापासून एमएम 106 आणि एमएम 111 हे खुंट तयार झाले, तेही याच परंपरेतले. उंच बागांवर खरा घाव बाजाराने घातला. शिड्या लावून तोडणी परवडेना. 1973 साली ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेल्यावर फ्रान्सचे गोल्डन डिलिशस दुकाने भरून टाकू लागले. जुनी झाडे उपटण्यासाठी तर सरकारी अनुदान मिळत होते! माणूस ज्या झाडांखाली लहानाचा मोठा झाला, तीच उपटायला पैसे मिळावेत, हे वाचताना आजही पोटात तुटते.

मागे वळण्याची सुरुवात 1990 मध्ये झाली. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये 'कॉमन ग्राउंड' या संस्थेने पहिला 'ॲपल डे' भरवला. 2007 साली पारंपरिक फळबागांना संवर्धनासाठी अग्रक्रमाचा अधिवास म्हणून मान्यता मिळाली. नोबल चेफर या दुर्मीळ हिरव्या भुंगेऱ्याच्या अळ्या फळझाडांच्या कुजक्या, पोकळ खोडात वाढतात. बुटक्या खुंटावरच्या, वीस वर्षांत काढून टाकायच्या झाडात त्यांना घर कुठून मिळणार?

वाण टिकले ते संग्रहांमुळे. फॅवरशॅमजवळच्या ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय संग्रहात सफरचंदाचे 2,000 हून अधिक वाण आहेत. वाण मिळतो, अडते ते खुंटापाशी; म्हणूनच आज उंच झाड शोधणाऱ्याने पहिला प्रश्न खुंटाचा विचारावा. एम 25 किंवा बियांचा खुंट असेल तरच पुढे बोलावे. एमएम 106 वरचे झाड फार तर अर्ध-उंच होते. उंच खोडाचे तयार झाड मोजक्याच रोपवाटिका ठेवतात, त्यामुळे मागणी आधी नोंदवावी लागते. नाहीतर एक वर्षाचे कलम घेऊन खोड स्वतः वाढवायचे. रोपे नोव्हेंबर ते मार्च या सुप्तावस्थेत मातीविना, उघड्या मुळांनी येतात. सफरचंदाचे जुने झाड मेले त्याच खड्ड्यात ती लावू नयेत. तिथल्या मातीत नवे रोप खुरटते. आणि मेंढ्या सोडायच्या असतील तर प्रत्येक खोडाभोवती भक्कम कुंपण आधी करावे, कारण कोवळी साल त्या एका दुपारीत सोलून काढतात.