हिरडा आणि सुपारी: दोन्ही तुरट, पण गॅलिक अ‍ॅसिड देणारा मुख्यतः एकच

तुरट लागलं की आपल्याकडे लगेच 'यात टॅनिन (झाडातलं तुरटपणा देणारं द्रव्य) आहे, म्हणजे गॅलिक अ‍ॅसिड आहे, म्हणजे तब्येतीला चांगलं' अशी साखळी जोडली जाते. सह्याद्रीतला हिरडा आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी, दोन्हीत टॅनिन भरपूर, पण झाड ते बनवतं दोन वेगळ्या वाटांनी, आणि गॅलिक अ‍ॅसिड निघतं ते मुख्यतः हिरड्यातनं.

हिरड्याचं आधी. झाड साखरेपासून शिकिमिक अ‍ॅसिडच्या वाटेने जाताना मध्येच एक फाटा फोडतं आणि गॅलिक अ‍ॅसिड करतं, छोटासा रेणू, रेणूभार 170. मग ग्लुकोजच्या एका रेणूला एकेक करत पाच गॅलिक चिकटवले जातात, आणि त्यावर अजून जोडण्या होऊन मोठी टॅनिनं तयार होतात. हिरड्यातलं चेब्युलॅजिक अ‍ॅसिड याच घराण्यातलं, हापूसच्या कोयीतली टॅनिनंसुद्धा. या जोडण्या एस्टरच्या, म्हणजे पाण्याचा रेणू शिरला की तुटणाऱ्या, त्यामुळे आम्ल किंवा बुरशीचं टॅनेझ नावाचं एन्झाइम त्या तोडतं आणि गॅलिक अ‍ॅसिड परत सुटं होतं.

सुपारीचं प्रकरण निराळं. तिथे सुरुवात फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून, त्यातून कॅटेचिन नावाचा रेणू, आणि कॅटेचिनचे मणी एकमेकांना कार्बन-कार्बन बंधाने ओवलेले. ही माळ पाण्याने तुटत नाही, आम्लात उकळली तर लाल रंग देते. कांदळाच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या) सालीतलं टॅनिनही मुख्यतः याच जातीचं, आणि नायलॉन येण्याआधी मासेमारीची सुती जाळी कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवायचे ते याच्याच जोरावर.

घरी फरक बघायचाय? दोन्हींचा काढा करा, त्यात गंजका खिळा टाका. हिरड्याचा निळसर काळा होतो (जुनी शाई अशीच बनायची), सुपारीचा जरा हिरवट काळ्याकडे झुकतो. रंग गडद झाला तर थोडं पाणी घालून बघा, नाहीतर दोन्ही सारखेच काळे दिसतात.

आता शरीराचं. तोंड आवळतं ते लाळेतल्या प्रोटीनला टॅनिन धरतं म्हणून, आणि मोठा रेणू जास्त घट्ट धरतो, सुटं गॅलिक अ‍ॅसिड तेवढं धरत नाही. ते लहान असल्याने आतड्यातून रक्तात जातं, शरीरात त्याला मिथाइल गट जोडला जातो आणि ते लघवीतून बाहेर पडतं. परीक्षानळीत ते चांगलं अँटिऑक्सिडंट आहे, काही जंतूंनाही रोखतं, पण ऑक्सिजन आणि तांबं-लोखंड असलं की तेच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, म्हणून 'कॅन्सरच्या पेशी मारल्या' असं वाचलं की ते काचेच्या भांड्यात का माणसात, हे आधी विचारावं. जेवणावर लगेच काळा चहा घेतला तर भाजीतलं लोह कमी शोषलं जातं हे मात्र माणसांतच पक्कं दिसलंय.

सुपारीची माळ रक्तात फारशी जात नाही पण तोंडातच काम करते, कोलॅजनला (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रोटीनला) बांधून ते न विरघळणारं करते, म्हणजे चामडं कमावण्याचाच प्रकार गालाच्या आत, आणि सोबत सुपारीतलं अरेकोलिन हे अल्कलॉइड आहेच. तोंड उघडेनासं होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये दोघांचाही हात असल्याचं मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवलंय. त्यातून कोवळ्या सुपारीत टॅनिन जास्त असतं, तेव्हा 'कच्ची सुपारी नैसर्गिक' वगैरे समजूत हिरड्याच्या नावावर खपवू नये.