‘आवडता चित्रकार कोण?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

आवडत्या चित्रकाराचं नाव विचारलं की मराठी घरांतून साधारण ठरलेली उत्तरं येतात. साठीच्या पुढची माणसं रविवर्मा, दलाल, मुळगावकर म्हणतात. चाळिशीतली मंडळी व्हॅन गॉगचं नाव घेतात. नेमाने प्रदर्शनं पाहणारे गायतोंडे किंवा बरवे म्हणतात. मग त्यावरून स्वभाव ओळखणं सुरू होतं: हा भाबडा, ती भावुक, तो विचारी. अशा निदानांवर माझा फारसा विश्वास नाही. त्या उत्तरातून सगळ्यांत आधी कळतं ते हे, की चित्र त्या माणसाच्या घरात कोणत्या वाटेने शिरलं. आपल्याकडे ही वाट बहुतेक वेळा छापखान्यातून आलेली आहे.

आवडीला चित्रकाराचं नाव जोडण्याची सवयच मुळात फार जुनी नाही. मेणवलीच्या वाड्यातल्या भिंतींवर किंवा चित्रं दाखवत गोष्टी सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्यांमध्ये सही शोधायला कोणी जात नाही. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रं घरोघरी पोचवली, पण ती ओळखली गेली चित्रशाळेची चित्रं म्हणूनच. चित्रकाराचं नाव सामान्यांच्या तोंडी बसलं ते रविवर्म्यापासून. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला, काही वर्षांत प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि लक्ष्मी-सरस्वती त्याच्या नावासकट देवघराच्या भिंतीवर आल्या.

आमच्या आजोळी अशी एक लक्ष्मी होती. आजीने, किंवा तिच्या सासूने, त्या लक्ष्मीच्या साडीच्या काठावर खरी जर चिकटवली होती आणि मुकुटावर टिकल्या. काच उतरवून पुसताना मी ते चित्र जवळून पाहिलं. एका पाकळीचा गुलाबी रंग रेषेच्या बाहेर केसभर सरकला होता. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, प्रत्येक दगडावर कागद पुन्हा अचूक बसवायचा, आणि एखादा दगड जरा हलला की असं होतं. वरून रोगण चढवलेलं, म्हणून लांबून तैलरंगाचा भास व्हायचा. कुणा कामगाराच्या हाताची ती किंचितशी चूक मला तेव्हापासून त्या चित्राइतकीच आवडते.

आता ‘कॅलेंडर’ या शब्दाकडे येतो, कारण आवडीनिवडीच्या आपल्या सगळ्या भांडणांची गाठ तिथे पडली आहे. ‘छान आहे, पण कॅलेंडर वाटतं’ हे वाक्य चित्रकलेच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मीही ऐकलं. एका शिक्षकांनी माझ्या रचनेवर ते वाक्य टाकलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मी बरेच दिवस त्याचा अर्थ लावत बसलो. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक म्हणजे छपाईचं साधन: वर्षाच्या सुरुवातीला दुकानदार फुकट देतो तो कागद. दुसरी म्हणजे शैली: नितळ कातडी, बदामी डोळे, मागे मावळतीचं आकाश. आणि तिसरी म्हणजे ते चित्र ज्याला आवडतं त्या माणसाबद्दलचं मत. चित्रावर बोलतोय असं दाखवत आपण बोलत असतो त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल. कॅलेंडर आवडणारी माणसं म्हणजे कोण? स्वयंपाकघरातल्या बायका, चाळीतले भाडेकरू, गावाकडचे काका. त्यांना चित्रातलं कळत नाही, हे त्या शब्दात न बोलता बोललेलं असतं.

मूळ ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राचा भास देणारी ही रंगीत छापील चित्रं, कॅलेंडरसाठी काढलेली नव्हतीच. ती चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी विकली जात. रविवर्म्यापुढे प्रश्न होता तो छपाई कुठे करायची हा. बडोद्याच्या दिवाणपदी राहिलेल्या एका मुत्सद्द्याने छापखाना सुरू होण्याच्या दहा वर्षं आधीच सुचवलं होतं, की चित्रांना मागणी एवढी आहे तर निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्यावीत. रविवर्म्याने छापखाना इथेच आणला. त्यात पैसा बुडाला आणि काही वर्षांतच तो एका जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. पुढे त्याच नावाखाली इतरांनी काढलेली चित्रंही निघत राहिली. काडेपेट्यांवर, औषधांच्या लेबलांवर, कॅलेंडरांवर ती चढली ती त्या पुढच्या काळात. कोलकात्याच्या स्वदेशी समीक्षकांनी त्याला नाटकी, परक्या वळणाचा ठरवलं. नंतरच्या आधुनिकांनी त्याला कॅलेंडरवाला ठरवलं. दोन्ही आरोप एकमेकांशी जुळत नाहीत, पण दोन्हींचा रोख एकच होता: तो फार लोकांना आवडतो.

या देशाने मात्र १९७९ मध्ये त्याच्या कामाला कलानिधीचा दर्जा दिला, म्हणजे १९७२ च्या कायद्याप्रमाणे त्याची मूळ चित्रं परदेशी नेता येत नाहीत. असा दर्जा मिळालेले चित्रकार नऊ. त्यांत मुंबई-पुणे-कोल्हापूरकडचा एकही नाही. धुरंधर नाहीत, आबालाल रहिमान नाहीत, हळदणकर नाहीत. ही गोष्ट मला अजून टोचते.

कॅलेंडर या शब्दाखाली सर्वाधिक भरडले गेले ते दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर आणि एस. एम. पंडित. पहिले दोघे गोव्याचे, पंडित गुलबर्ग्याचे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही मराठी माणसाची पहिली आर्ट गॅलरी झाली. मुळगावकरांचं फवाऱ्याचं (रंग फवारून केलेलं) काम आजही जवळून पाहावं: गालावर रंग कुठे संपतो ती कडा सापडत नाही. पंडितांच्या देवांना सिनेमाच्या पोस्टरचा उजेड होता. या तिघांवर वाढलेल्या पिढीची आवड कच्ची म्हणणं मला मान्य नाही. तिने वर्षानुवर्षं तीच चित्रं पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली, अंक जपून ठेवले. इतका वेळ आज आपण कुठल्या चित्राला देतो?

मग १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ आलं. तारखांचे चौकोन मोठे झाले, मागच्या बाजूला वाचायचा मजकूर आला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्राला जेमतेम कोपरा उरला. दुसरीकडे १९४७ मध्ये मुंबईत एकत्र आलेल्या तरुण चित्रकारांची नावं (सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे) वर्तमानपत्रांतून सामान्य वाचकापर्यंत पोचायला बराच काळ गेला, आणि ती बरीचशी पोचली किमतींच्या बातम्यांतून. गायतोंड्यांचं असंच झालं. नागपुरात जन्मलेला, वर्षाला मोजकेच कॅनव्हास करणारा हा माणूस २००१ मध्ये गेला, आणि २०१३ च्या मुंबईतल्या लिलावात त्याचं चित्र २३ कोटींच्या वर गेल्यावर घराघरांत त्याचं नाव उच्चारलं गेलं. ‘माझे आवडते चित्रकार गायतोंडे’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचं एक तरी मूळ चित्र समोर उभं राहून पाहिलंय, हा प्रश्न मी मनातल्या मनात विचारतो. पाहिलेलं नसलं तर दोष त्यांचा नाही. पाहायला मिळतं कुठे?

शाळेनेही इथे हात दिला नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळं घोटून घेतात. ते चांगलंच आहे, हात त्यानेच तयार होतो. पण माझ्या दोन्ही परीक्षांच्या तयारीत एकाही चित्रकाराचं चित्र कोणी समोर ठेवून दाखवलं नाही.

आवडीवरून माणूस कळतो का, हे खरोखर मोजायचा प्रयत्न फ्रान्समध्ये एका समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात केला. १,२१७ माणसांना इतर अनेक प्रश्नांबरोबर, यादीतले तीन आवडते चित्रकार निवडा, असंही विचारलं होतं. उत्तरं शिक्षणाशी आणि घरच्या वळणाशी जुळलेली निघाली. अमूर्त चित्रं आवडणाऱ्यांमध्ये नव्या अनुभवाची ओढ जास्त दिसते, असं मानसशास्त्राचे अभ्यासही सांगतात. पण नव्या अनुभवाची ओढ असलेल्या मुलीच्या घरात फक्त किराणा दुकानाचं कॅलेंडर असेल, तर तिचं उत्तर त्या कॅलेंडरातूनच येणार.

हळदणकरांचं उदाहरण घ्या. समई हातात धरलेली, ज्योतीच्या उजेडात चेहरा न्हालेली ती बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, जलरंगात आहे, आणि समई धरून उभी राहिली होती ती चित्रकाराची स्वतःची मुलगी. तरीही हे चित्र आवडणाऱ्या दहांपैकी आठ जण ते रविवर्म्याचं सांगतील, असा माझा अनुभव आहे. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे त्याची प्रत आहे. मी त्यांना हळदणकरांचं नाव सांगितलं तेव्हा त्या उठल्या, चष्मा लावला आणि खालच्या कोपऱ्यात सही शोधू लागल्या. चौकट बसवणाऱ्याने कडेचा बोटभर कागद पट्टीखाली दाबून टाकला होता.