मॉरिशसला जायचंय? हॉटेलआधी किनारा ठरवा

आमच्या कोथरूडच्या ऑफिसात मॉरिशसची चौकशी बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते: "पाच रात्री, चौघांचे किती?" आकडा लगेच सांगता येतो, पण कोणत्या महिन्यात जाणार आणि बेटाच्या कोणत्या बाजूला राहणार हे ठरल्याशिवाय सांगितलेला भाव म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. म्हणून हे पत्रक. बुकिंगचा फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावे.

महिना आणि वारा

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे ऋतू आपल्या उलटे. पुण्यात मे महिन्यात अंगाची लाही होते, तेव्हा तिथे हिवाळा येऊ घातलेला असतो. हिवाळा म्हणजे हुडहुडी नव्हे. जुलै-ऑगस्टमध्येही किनाऱ्यावर दुपारी 24-25 अंश असतात. पाणी मात्र गार लागते आणि लहान मुले लवकर बाहेर येतात. तासन्‌तास डुंबायचे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाऊस सर्वांत कमी, पाणी उबदार होत आलेले आणि दिवाळीची सुट्टीही त्यातच. विमानाचे दर त्याच वेळी चढतात, त्याला इलाज नाही.

जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. वादळ दरवर्षी बेटावर आदळतेच असे नाही, पण इशारा चार टप्प्यांचा असतो आणि तिसरा टप्पा जाहीर झाला की फिरणे बंद, मुकाट्याने हॉटेलात बसायचे. लग्नसराई संपवून निघालेली जोडपी नेमकी याच दिवसांत जातात. त्यांना आम्ही तारीख बदलता येणारे तिकीटच सुचवतो, थोडे महाग पडले तरी.

आता बाजू. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून सतत वारा वाहतो. पूर्वेकडच्या बेल मारची पांढरी वाळू फोटोत सर्वांत देखणी दिसते, पण हॉटेलचे फोटो वाऱ्याच्या दिवशी कोणी काढत नाही. जुलैत तिथे खुर्चीवर टाकलेला टॉवेल जागेवर राहत नाही. त्या महिन्यांत उत्तरेचे ग्रां बे, वायव्येचे त्रू ओ बिश किंवा पश्चिमेचे फ्लिक आं फ्लाक बरे, कारण मधल्या डोंगरांमुळे वारा अडतो. डिसेंबरच्या उकाड्यात हिशोब उलटा होतो, पूर्वेची झुळूक हवीहवीशी वाटते. विमानतळ आग्नेय टोकाला आहे. तिथून ग्रां बेला पोहोचायला तासाभराहून जास्त लागतो, हेही ध्यानात असू द्या.

बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी शांत राहते. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री येथे ही भिंत तुटते, समुद्र थेट कड्यावर आदळतो. ते बघण्यासाठी जरूर जा, पाण्यात उतरू नका. इतरत्र उतरताना रबरी तळाचे बूट घाला. दगडांत अर्चिन नावाचे काटेरी समुद्री जीव असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला तर सहलीचे पुढचे दिवस लंगडत जातात.

किती "पॉइंट" बघायचे?

कमी. शामारेलची सात रंगांची माती, तिथला धबधबा, गंगा तलाव हे हिंदूंचे तीर्थस्थान आणि क्युरपीप हे शहर एका दिवसात होते. बेटाच्या मध्यावरच्या पठारावर किनाऱ्यावर ऊन असतानाही भुरभुर चालू असते, तेव्हा छत्री बरोबर हवी. इल ओ सेर्फ या छोट्या बेटाला एक दिवस द्या. राजधानी पोर्ट लुईमध्ये बाजाराबरोबर आप्रवासी घाट चुकवू नका. 1834 पासून करारावर आणलेले भारतीय मजूर याच घाटावर उतरले. त्यांत मुंबईमार्गे गेलेली कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, शाळांमधून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. सहल भाद्रपदात असेल तर आम्हाला आधी सांगा, त्या दिवसाची आखणी वेगळी करू.

खाण्याची काळजी नको. पोर्ट लुईच्या बाजारात धोल पुरी मिळते: डाळीचे सारण भरलेली, पण गोड नसलेली पुरणपोळीच म्हणा ना. विक्रेता दोन पुऱ्या एकावर एक ठेवून त्यावर वालासारख्या शेंगांची उसळ आणि टोमॅटोची चटणी घालतो, गुंडाळी करून कागदात देतो. मिरचीची चटणी विचारून घ्या, ती थट्टा नाही. हॉटेलात "हाफ बोर्ड" म्हणजे नाश्ता आणि रात्रीचे जेवण. दुपारचे तुमचे तुम्ही.

टॅक्सीत बसण्याआधी भाडे ठरवून घ्या, मीटरच्या भरवशावर राहू नका. 2024 पासून यूपीआय आणि रुपे कार्ड तिथे सुरू झाले आहे, पण ठेल्यावर आणि टॅक्सीत रोख मॉरिशस रुपयेच चालतात. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो, अ‍ॅडॉप्टर इथूनच घेऊन जा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टधारक पर्यटकाला व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. प्रवासापूर्वीचा ऑनलाइन फॉर्म आम्ही भरून देतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. नसेल तर आधी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या, मग आमच्याकडे या.

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. पासपोर्टवर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, किंवा एकीकडे मधले नाव आहे आणि दुसरीकडे नाही. तिकीट पासपोर्टप्रमाणेच निघते, अक्षर न अक्षर. फोनवर स्पेलिंग सांगू नका, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठवा.

औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घरीच राहू द्या, तिथले नियम कडक आहेत. बाकरवडी न्या. ताजी फळे, रोपे, बिया नकोत.

परदेशी पॅकेजच्या रकमेवर आम्हाला टीसीएस, म्हणजे ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, घ्यावा लागतो. ती आमची कमाई नाही. तुमच्या पॅनवर तो जमा होतो, आयकर खात्याच्या वार्षिक नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्याचा दर अर्थसंकल्पाप्रमाणे बदलतो, म्हणून कोटेशनवर तो वेगळ्या ओळीत लिहितो. दोन कंपन्यांचे भाव ताडून बघताना ती ओळ दोन्हीकडे आहे का, एवढे तपासा. पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून सुमारे सहा तास लागतात. मुंबई विमानतळापर्यंतची गाडी आमच्या भावात धरलेली नसते, हवी असल्यास बुकिंगच्या वेळीच सांगावे.