धडकलेल्या इलेक्ट्रिक कारला हात लावला तर शॉक बसतो का?

सीताबर्डीतल्या चहाच्या टपरीवर परवा पुन्हा तेच ऐकलं: "भाऊ, इलेक्ट्रिक गाडी ठोकली गेली तर हात नका लावू, पूर्ण बॉडीत करंट उतरते." हा समज चुकीचा आहे. मला त्याची काळजी वाटते, कारण या भीतीपायी आत अडकलेल्या माणसासाठी कुणी दार उघडणार नाही.

घरातली वीज आपल्या अंगातून जमिनीकडे जाते, कारण ती पुरवठ्याच्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असते. कारच्या मोठ्या बॅटरीचं तसं नसतं. तिची धन आणि ऋण दोन्ही टोकं गाडीच्या पत्र्यापासून अलग ठेवलेली असतात. शिवाय जोराच्या धडकेत एअरबॅग उघडल्या की बॅटरीतले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विचच, आपोआप सुटतात आणि उच्च दाबाची वीज बॅटरीच्या पेटीतच अडते.

इलेक्ट्रिक गाडी धडकेत कमकुवत ठरते असंही म्हणतात; तेही सरसकट खरं नाही. टाटा पंच ईव्हीला २०२४ मध्ये भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.४६ गुण. त्यातली समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरची असते.

खरा धोका दोन ठिकाणी. तुटलेल्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. उच्च दाबाची वीज त्यातूनच वाहते. आणि गाडीखालून धूर किंवा फुसफुस आवाज आला तर माणसांना लगेच बाहेर काढून लांब न्यायचं, ११२ ला फोन करायचा. आग लागून विझलेली बॅटरी काही तासांनीही पुन्हा पेटू शकते, म्हणून अशी गाडी गॅरेजात इतर गाड्यांना खेटून उभी करू नका.