न ओरडणारा रुग्ण

विंचू चावलेली दोन माणसं एकाच वेळी दवाखान्यात आली आहेत. एक जण बोट धरून आकांत करतोय. दुसऱ्याला फारसं दुखत नाही, पण तो घामानं निथळतोय, दोनदा उलटी झाली आहे, हातपाय गार पडलेत. आधी कोणाकडे धावायचं?

लाल विंचू असेल तर दुसऱ्याकडे. आज हे ठामपणे सांगता येतं, कारण डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुग्णांच्या खाटेशी बसून ते शोधून काढलं. 1970च्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तेव्हा गंभीर दंश झालेल्यांपैकी सुमारे 40 टक्के रुग्ण दगावत. घाम आणि उलट्या थांबवायला अ‍ॅट्रोपिन, जोडीला स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, असा उपचार चाले. लक्षण दिसलं की त्यावर औषध. तरीही माणसं जात होती.

बावस्करांनी विचारलं, मरताना नेमकं काय बंद पडतंय? तासातासाला नाडी आणि रक्तदाब मोजताना चित्र उलगडत गेलं. विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा लवकर बंद होऊ देत नाही. मग शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. अरुंद झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी साचतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. गार हातपाय ही त्या आवळलेल्या वाहिन्यांचीच खूण. 1982मध्ये या पूर्वसूचना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या.

अ‍ॅड्रेनॅलिननं काय होतं, हे अकरावी-बारावीच्या पुस्तकात असतं. आपली मुलं ते पाठ करतात, नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे सोडवतात. पण समोरच्या थंडगार पावलाशी ते वाक्य जोडणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि मला वाटतं, ते शिकवायला आपण फार कमी वेळ देतो. ते फक्त डॉक्टरला लागतं असंही नाही. पहिला हात बहुतेकदा सिस्टरचा लागतो. ‘पाय गार लागताहेत, पण दुखत नाही म्हणतोय’ ही विसंगती तिला खटकली, तर पुढचे काही तास वाया जात नाहीत.

एकदा कारण कळल्यावर औषध त्यातूनच सुचत गेलं. वाहिन्या आवळल्या असतील तर त्या सैल करायला हव्यात. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं, पण ते सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यायचं आणि सतत पहारा ठेवायचा. खेड्यात हे जमणार कसं? मग आलं प्राझोसिन, रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेली स्वस्त गोळी. ती नेमका अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा वाहिन्यांवरचा परिणाम अडवते. मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. प्राझोसिन विषाचा परिणाम थोपवतं, विष मात्र शरीरात राहतं. मग विंचूदंशाचं प्रतिविष, म्हणजे विषच निकामी करणारं औषध, सोबत दिलं तर? ज्या गोळीनं नाव मिळालं, तिच्यापेक्षा सरस काही आहे का, हे बावस्करांनी महाडमध्येच 70 रुग्णांवर तपासलं. 2011मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही औषधं मिळालेल्या 35 पैकी 32 जण 10 तासांत बरे झाले होते. केवळ प्राझोसिन घेतलेल्या 35 पैकी 8.