चक्र फिरतंय की चित्र अडखळतंय?

पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरायला लागलं तरी ‘व्हिडिओ अडकतोय’, आणि कॅमेरा आडवा सरकताना अख्खं मैदान धक्के खात सरकलं तरीही ‘व्हिडिओ अडकतोय’. घरात दोन्हींना एकच शब्द. मग इंटरनेटवाला वरचा प्लॅन सुचवतो, दुकानदार रॅम वाढवायला सांगतो, आणि बहुतेकदा दोन्ही पैसे भलत्याच दुखण्यावर जातात. चक्र फिरतं ते डेटा वेळेवर पोचत नाही म्हणून. चित्र अडखळतं ते आकसून पाठवलेला, पोचलेला डेटा यंत्राला वेळेत उलगडता येत नाही म्हणून.

ओळखायची खूण सोपी आहे. चक्र फिरताना चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, आणि थोड्या वेळाने जिथे थांबले तिथूनच पुढे चालू होतात. अडखळताना आवाज बहुतेकदा सुरळीत चालू राहतो, चित्र मात्र तुटक होतं किंवा मागे पडतं, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. तरीही शंका असेल तर फाईल संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा, वाय-फाय बंद करा आणि चालवून पाहा. आता सुरळीत चालली तर दोष वाटेत होता. तशीच अडखळली तर दोष यंत्रात आहे.

वाटेतला दोष

याचं गणित लहान आहे. ऑनलाइन चित्रपटाला १०८०पी दर्जासाठी सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात, ४केसाठी १५ ते २०. म्हणजे ५० मेगाबिटचा साधा फायबर प्लॅन एका घराला पुरतो, आणि ३०० चा घेतला तरी चित्र त्याने अधिक सुरळीत होत नाही. घोटाळा असतो तो राउटरपासून पडद्यापर्यंतच्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत असो की कोथरूडच्या फ्लॅटमधला आरसीसीचा खांब, ५ गिगाहर्ट्झची लहर तिथे दमते. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंत पार करते, पण सोसायटीतल्या वीस-पंचवीस राउटरांची त्याच पट्ट्यात गर्दी असते. त्यामुळे राउटर दारामागच्या कोनाड्यातून बाहेर काढणं हा पहिला उपाय. दुसरा आणि खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून पडद्यापर्यंत कॅट ६ ची नेटवर्क वायर.

वायरीतही एक खाच आहे. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट, म्हणजे ही वायर लावायची खोबण, १०० मेगाबिटचाच असतो. ऑनलाइन चित्रपटाला तेवढा भरपूर झाला, पण घरातल्या सर्व्हरवरून ४के ब्लू-रेची मूळ फाईल चालवली तर तिचा दर काही प्रसंगांत १०० च्या वर जातो आणि नेमक्या धामधुमीच्या दृश्यात चक्र फिरतं. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वायरीपेक्षा बरं ठरतं. हार्ड डिस्कला मात्र उगाच बोल लावू नये. १०८०पी ब्लू-रेचा व्हिडिओ फार तर ४० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट हे विसरलं की सगळा गोंधळ होतो. एवढं तर यूएसबी २.० ची जुनी डिस्कही आरामात देते. नुसतं बघण्यासाठी एसएसडी नको.

यंत्रातला दोष

इथे खरी मेख आहे. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं, म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एक फ्रेम उलगडायला यंत्राकडे जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात जमलं नाही तर प्लेअर ती फ्रेम टाकून देतो आणि पुढची घेतो. ही गळती म्हणजेच अडखळणं.

उलगडण्याचं काम दोन रीतींनी होतं. एक, प्रोसेसर स्वतः सगळा हिशेब करतो. दोन, ग्राफिक्स चिपमध्ये त्याच कामासाठी कोरलेला वेगळा भाग ते करतो. प्रोसेसरला घाम फुटेल असं काम हा भाग जवळजवळ न तापता करतो, पण ज्या कोडेकसाठी (व्हिडिओ आकसण्या-उलगडण्याची पद्धत) तो बनवला तेवढेच कोडेक त्याला येतात. नवीन कोडेक त्याला ड्रायव्हर टाकून शिकवता येत नाही. त्यामुळे खरेदी करताना गिगाहर्ट्झ आणि कोअर विचारण्याआधी चिपची पिढी विचारावी.

एच.२६४ हे कोडेक २००३ चं, ते आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक यंत्राला येतं. एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५) आणि व्हीपी९ २०१३ चे, एव्ही१ २०१८ चं. इंटेलमध्ये १०-बिट (रंगछटा अधिक बारकाईने साठवणारं) एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट उलगडायला सातवी पिढी लागते, एव्ही१ ला अकरावी. एनव्हिडियात एव्ही१ आरटीएक्स ३० मालिकेपासून आहे. एएमडीत आरएक्स ६००० पासून, पण त्यातल्या ६४०० आणि ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डांतून ते वगळलेलं आहे. यूट्यूब १०८०पीच्या वर एच.२६४ देतच नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ देतं. म्हणून एकाच संगणकावर १०८०पी लोण्यासारखं चालतं आणि १४४०पी निवडताच पंखा ओरडायला लागतो.

फाईलच्या नावामागे एमकेव्ही आहे की एमपी४, यावरून यातलं काहीच कळत नाही. तो नुसता डबा. आत भाजी कुठली ते व्हीएलसी या प्लेअरच्या ‘टूल्स’मधल्या ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये दिसतं, आणि तिथल्याच ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये गळलेल्या फ्रेमही मोजलेल्या असतात. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, तिथेही हेच दिसतं. मग विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख पाहा. काही कार्डांत त्याला ‘व्हिडिओ कोडेक’ म्हणतात. तो शून्यावर आणि सीपीयू (प्रोसेसर) नव्वद टक्क्यांच्या घरात असेल तर निदान झालं: सगळा भार प्रोसेसरवर पडतोय. मात्र खिशात हात घालण्याआधी व्हीएलसीतलं ‘हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड डीकोडिंग’ आणि ब्राउझरमधलं ग्राफिक्स अॅक्सिलरेशन चालू आहे ना, एवढं बघा. ड्रायव्हर विंडोजने आपोआप टाकलेला जुजबी असेल तर चिपच्या कंपनीचा टाका. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्यांत पुण्यात हमखास भेटणारं यंत्र म्हणजे ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीच्या आय५ चा जुना डेस्कटॉप. हा टाकाऊ नाही. चार कोअरच्या बळावर तो १०८०पी एचईव्हीसीही निभावतो. घरातला पडदा १०८०पीचाच असेल तर त्यावर एक रुपयाही खर्चू नका. ४के एचईव्हीसी १०-बिटला मात्र तो मान टाकतो. तेव्हा ‘स्वस्तातलं कार्ड टाका’ म्हणून जीटी ७१० किंवा ७३० हाती येतं. ते घेऊ नये, त्यांना एचईव्हीसी मुळात येतच नाही. त्या खोक्यात टाकायचंच तर जीटी १०३०. ते ३० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर वायर मागत नाही आणि अर्ध्या उंचीच्या कॅबिनेटसाठीही मिळतं. एव्ही१ त्यालाही येत नाही. त्यामुळे नव्यानेच घ्यायचं असेल तर इंटेल एन१०० चा छोटा पीसी हे बरं उत्तर आहे. चार कोअर, ६ वॉट, एव्ही१ सकट सगळे कोडेक आणि सोबत ८ जीबी रॅम. सोळा केली म्हणून एकही फ्रेम वाचत नाही. नवा डेस्कटॉप जुळवताना इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण त्यात ग्राफिक्स भाग बंद असतो. मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.

एका अपवादाने जाणतेही फसतात. १०-बिट एच.२६४, जुन्या अॅनिमेच्या (जपानी अॅनिमेशनच्या) फायलींत आढळणारं. बहुतेक ग्राफिक्स चिपना ते उलगडता येत नाही, अनेक महागड्या कार्डांनाही नाही. भार प्रोसेसरवरच येतो, आणि तिथे बिचारं एन१०० नव्हे, तर जुनं आय५ उजवं ठरू शकतं.

आणखी दोन गोष्टी अडखळण्यासारख्या दिसतात. पहिली उष्णतेची. चित्रपट पंधरा-वीस मिनिटं छान चालतो आणि मग तुटायला लागतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश असताना पीसी टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कपाटाची मागची फळी काढा, पंख्यातली धूळ झटका, जुनं यंत्र असेल तर प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट बदला.

दुसरी पोर्टची. एचडीएमआय १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांनी जातं, ६० ला २.० लागतं. जुन्या ऑफिस डेस्कटॉपवर बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो; त्यातून ४के ६० हर्ट्झ मिळतं, पण टीव्हीला जोडताना ‘अॅक्टिव्ह’ (सिग्नल स्वतः बदलून देणारा) अॅडॅप्टर मागा, साधा चालत नाही.

हे सगळं जमूनही कॅमेरा सरकताना बारीक धक्का जाणवला तर फ्रेमचा मेळ पाहा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० हर्ट्झचा. भाग पूर्ण जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये २४ हर्ट्झ निवडलं की हा धक्का जातो. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या २५ फ्रेमच्या कार्यक्रमांना ५० हर्ट्झ निवडा. त्यानंतरही जी थरथर उरते ती २४ फ्रेमच्या चित्रणातच आहे, थिएटरातही ती तशीच दिसते.