पोतोसीची पारा-प्रक्रिया आणि मिता

आजच्या बोलिव्हियात, सुमारे ४,००० मीटर उंचीवर असलेल्या पोतोसीत १५४५ पासून चांदी निघू लागली. सुरुवातीला स्थानिक लोक वाऱ्यावर पेटणाऱ्या ‘वाइरा’ भट्ट्यांत खनिज वितळवत. वरच्या थरांतले कसदार खनिज संपत आले, तसा हा धंदा बसला. १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाचा इथला प्रतिनिधी, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने हलक्या खनिजासाठी पाऱ्यात चांदी मिसळवून ती वेगळी काढण्याची पद्धत आणली. मेक्सिकोतील पाचुकात बार्तोलोमे दे मेदिना याने ती १५५४ मध्ये बसवली होती.

पाणचक्कीवर चालणाऱ्या मुसळांनी खनिज कुटून पीठ करत. दगडी हौदात एका घाण्याला ५० जुने स्पॅनिश क्विंटल (सुमारे २,३०० किलो) पीठ आणि ५ क्विंटल मीठ घेत. पारा जाड कापडातून पिळून दवासारखा वर शिंपडत. थंडीत प्रक्रिया रेंगाळे, म्हणून आधी हौदाखाली जाळ करत. तेव्हा पाच-सहा दिवस पुरत, जाळाशिवाय काही आठवडे लागत. पुढे मोरचूद (तांब्याचा क्षार) घालू लागले. मोरचूद जास्त झाले की पाऱ्याची करडी पूड होऊन तो वाया जाई. तेव्हा चुना किंवा राख मिसळत. जाणता कारागीर चिमूटभर चिखल वाडग्यात धुऊन, पाऱ्याचा रंग बघून हे ठरवी. शेवटी गाळ धुऊन पारामिश्रित चांदी कापडात पिळत आणि तापवून पारा उडवत. उरे ती सच्छिद्र चांदी.

पारा पेरूतल्या वान्काव्हेलिकाच्या खाणींतून येई आणि त्याचा मक्ता राजसत्तेकडे होता. कोणाला किती पारा दिला यावरून किती चांदी निघायला हवी हे कळे, त्यामुळे राजाचा पाचवा हिस्सा चुकवणे अवघड होई. तरी चोरटी चांदी बाहेर जातच होती.

माणसे येत ती ‘मिता’ या वेठीने. इंकांच्या काळातली पाळीची सेवा तोलेदोने खाणीला जुंपली. सोळा प्रांतांतील करपात्र पुरुषांपैकी सुमारे सातव्या हिश्शाने, म्हणजे वर्षाला १३,००० हून अधिक जणांनी, यायचे. आठवडाभर काम, दोन आठवडे सुटी. खाणीत रोजी साडेतीन रेआल (स्पॅनिश चांदीची नाणी) ठरली होती, पण गावाहून येण्याजाण्याचा खर्चही त्यातून भागत नसे. सुटीच्या आठवड्यांत मग तीच माणसे जास्त मजुरीवर त्याच डोंगरात उतरत. कुटाईच्या धुळीने फुप्फुसे जात, पारा उडवताना त्याची वाफ अंगात भिने. माणसे पुरी पडली नाहीत तर गावच्या कुराकाला (स्थानिक मुखियाला) बदल्यात रोख चांदी भरावी लागे. खाण चालवण्यापेक्षा ही रोकड खिशात घालणे कित्येक मालकांना सोयीचे वाटे. बरीच कुटुंबे वेठ चुकवण्यासाठी गाव सोडून परक्या प्रांतात राहू लागली, कारण तिथे उपऱ्यांवर मिता लागू नव्हती. मागे उरलेल्यांची पाळी मात्र लवकर येऊ लागली. स्पेनमधील कादिसच्या संसदेने १८१२ मध्ये मिता रद्द केली.